सोमवारचे मासे

इंग्रजी कादंबरीवरचं माझं आजवरचं सगळ्यात यशस्वी व्याख्यान काजूच्या शेतकऱ्यांसमोर झालं. गेल्या महिन्यात कणकवलीच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. विषय, समकालीन इंग्रजी साहित्यातले सामाजिक प्रश्न आणि अस्मिता. जन्मभर बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवलेल्या माणसाला असल्या ठिकाणी सहसा कोणी बोलावत नाही, म्हणून मी नवा शर्ट घालून, अर्धा तास आधी, हातात सोळा पानं घेऊन पोचलो. सभागृहं दोन होती, एक वर आणि एक खाली. मी खालच्यात शिरलो. व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसलो. कोणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि मी सुरू झालो. आपण कोण, आपली भाषा कुठली, आपल्याबद्दल लिहिण्याचा हक्क कुणाचा, असं मी दहा-बारा मिनिटं बोललो. समोरची माणसं इतकी शांतपणे ऐकत होती की मला गहिवरून आलं. मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हात वर करून म्हणाले, "सर, तुमी सांगलास ता सगळा बरोबर. पण ह्या आयडेंटिटीचा कलम पावसाआधी बांधूचा काय मागसून?" तिथे काजूच्या कलमांचं प्रशिक्षण चाललं होतं आणि त्यांचे खरे वक्ते एसटी चुकल्यामुळे अजून यायचे होते.

वरच्या सभागृहात मी तीच सोळा पानं पुन्हा वाचली. तिथे माणसं तज्ज्ञ होती, त्यामुळे कोणी ऐकलं नाही. शेवटी मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. सडपातळ, केसात अबोलीचा वळेसर. तिने शुद्ध मराठीत विचारलं, "सर, आपल्या घरातल्या माणसाबद्दल लिहायचं असेल तर त्याला आधी विचारावं लागतं का?" मी चष्मा काढला, पुसला, आणि तिला एक लांबलचक उत्तर दिलं. त्यात इंग्रजी शब्द पुष्कळ होते. ती मान हलवून खाली बसली. परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी ते उत्तर मनात पुन्हा म्हणून पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्यात हो पण नव्हतं आणि नाही पण नव्हतं.

ह्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. ते मला माझ्या थोरल्या बहिणीने दिलं होतं, आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून, बांगडे खारवता खारवता. तिला आम्ही बाय म्हणायचो. बाय गेल्या वर्षी गेली. म्हणून हे प्रकरण.

आमचं घर मालवणच्या किनाऱ्याला, अगदी दर्याच्या तोंडाशी. माडांची एक रांग ओलांडली की पुळण, किनाऱ्याची वाळू. घराला दोन वास होते, एक सुक्या मासळीचा आणि एक आयेच्या वाटणाचा, आणि तिसरा वास असतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पहाटे पाट्यावर वरवंटा घासला जायचा त्या आवाजाने मी जागा व्हायचो. ओलं खोबरं, धणे, तिरफळं. त्या आवाजाच्या मागे दर्याचा आवाज कायम असायचा, इतका कायम की आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. बाबा रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मैलभर लांबीचं जाळं. होडीतून ते दर्यात सोडायचं आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या पुळणीवर उभं राहून ओढायच्या. हैक, हैक करत सगळा वाडा दोरीला लागायचा. बायका, म्हातारे, शाळा बुडवलेली पोरं. आणि रिवाज असा, की ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा मिळायचाच. वाटेने जाणारा परका माणूस जरी हात लावून गेला, तरी त्याच्या नावाचे चार मासे पुळणीवर बाजूला ठेवले जायचे. ह्यावरून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. बाकी सगळ्यावरून पाहिलं.

मासे विकायचं काम आये आणि बाय करत. पाटी डोक्यावर घेऊन सकाळच्या गाडीने आतल्या गावात जायचं, शेतकऱ्यांच्या घरांतून फिरायचं. भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावरून उतरवता येत नाही. दारात जाऊन हाक मारायची, "मासे होये काय गो?" आणि घरातल्या बाईने पुढे होऊन पाटीला हात लावायचा. मग घासाघीस, मग थट्टा, मग कोणाची म्हैस व्याली आणि कोणाचा झील, म्हणजे मुलगा, मुंबईहून आला. निघताना पुन्हा तिनेच हात लावून पाटी डोक्यावर चढवून द्यायची. बाय त्या गावात बारा वर्षांची असल्यापासून जात होती. कुठल्या घरात गुरुवार पाळतात, कुठे संकष्टी, कुणाच्या सासूला कोलंबी बाधते, सगळं तिला तोंडपाठ. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा सगळं लिहून बसलोय.

बाय तेव्हा सत्तावीसची. दोन स्थळं येऊन गेली होती. एकाला ती काळी वाटली आणि दुसरा तिलाच पसंत पडला नाही. रंगाने सावळी, हाताने जलद, आणि बोलायला लागली की शेजारच्या तीन घरांतल्या बायका कामं टाकून येत. नकला करायची. आमच्या वाड्यातला प्रत्येक माणूस तिच्या तोंडून चालत-बोलत असे. मला इंग्रजीची गोडी सरांनी लावली असं मी सगळीकडे सांगतो, पण गोष्ट सांगणं मी हिच्याकडून शिकलो होतो.

सोमवारी आयेचे गुडघे विश्रांती घेत. त्या गावात सोमवार कडक. कोणाच्याच घरात मासे शिजत नसत. तरी नाक्यावरच्या खानावळीसाठी म्हणून बाय एकटी लहान पाटी घेऊन जायची. एका दुपारी ती माशांची खवलं काढत बसली होती आणि आपल्याशीच हसत होती. मी विचारलं, काय झालं.

"कोणाक सांगू नको हां. आयेक तर मुळीच नको. तो अनंत मेलो सोमवारी मासे घेता."

अनंत म्हणजे त्या गावातल्या एका बऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. भातशेती, काजू, पन्नासेक आंबे.

"तेंच्या घरात सोमवार नाय काय?"

"आसा तर! सोमवारी कांदो सुदा शिजना नाय. हो वाटेर उभो रवता आणि सहा बांगडे घेता."

"मगे करता काय तेंचा?"

"मांजरांक घालता," बाय म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "मांगरात सात मांजरां झाली आसत. बापूस म्हणता, ही मांजरां खंयसून येतत? माका बघल्यार सगळी शेपटी वर करून धावतत!"

मांगर म्हणजे शेतातली खोपी. तिच्या दाराशी फणसाखाली हे दोघे बोलत उभे राहायचे. त्या वर्षी मे महिन्यात अनंतच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. "भैणीचा लगीन झाला काय तो बापाशीकडे इषय काढतलो," बायने मला सांगितलं. शेतकऱ्याच्या घरात गाबताची, म्हणजे मासेमाराची मुलगी, हे सोपं नव्हतंच. त्यांचे दोन काका आडवे येणार हे ती धरूनच चालली होती. पण तो बोलणार होता, आणि बाय मेची वाट बघत होती. हे त्या दोघांखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

आता माझं ऐका. मी तेव्हा कणकवलीला बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि स्वतःला फार मोठा समजत होतो. इंग्रजीचे आमचे सर घाटावरचे, नवीनच आलेले, मिशी नसलेले. ते अभ्यासक्रमातलं सोडून आम्हाला ताज्या इंग्रजी कादंबऱ्या वाचून दाखवत. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, काळी, बाटवलेली, हाकललेली, आपापल्या आयांबद्दल आणि गल्ल्यांबद्दल इंग्रजीत लिहीत होती. ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. इंग्रजी म्हणजे डॅफोडिल आणि धुकं अशी माझी समजूत. त्यात कोणाच्यातरी घरातला मासळीचा वास येऊ शकतो हे मला नवीन होतं. सर म्हणायचे, "तुमचं जे आहे ते लिहा. तुमच्या समाजाचा आवाज अजून इंग्रजीत उमटलेलाच नाही." ते हे सगळ्या वर्गाला म्हणत, पण मला वाटे माझ्याकडे बघून म्हणतात. वर्गात दर्यावरचा मी एकटा. आधी मला त्याची लाज वाटायची. सरांमुळे अभिमान वाटायला लागला, आणि अभिमान वाटू लागल्यावर मी घरातल्या माणसांकडे विषय म्हणून बघायला लागलो. जेवताना आये काही बोलली की मी हात न धुता वहीत टिपून घ्यायचो. वह्यांना अजून सोलकढीचे डाग आहेत.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी बायची गोष्ट लिहिली. इंग्रजीत, बारा पानं, शब्दकोश मांडीवर घेऊन. मी विचार केला, इंग्रजीत आहे, म्हणजे घरात कोण वाचणार? इंग्रजी म्हणजे मला एक बंद खोली वाटली, जिथे मी आणि सर असे दोघेच बसलोय. नावं बदलली. बायचं नाव बदललं, अनंतचं बदललं, गावाचं बदललं, आणि आपण फार सावध आहोत असं वाटून गाढ झोपलो. सोमवार तसाच ठेवला. सहा बांगडे, सात मांजरं, मांगर, फणस, वाटेवरची विहीर, सगळं होतं तसं. एवढ्या सुंदर गोष्टी बदलायला माझा हात धजेना. शेवट मात्र बदलला. गोष्टीतला मुलगा घाबरून माघार घेतो, मुलगी रडत रडत किनाऱ्यावर येते आणि पाटीसकट दर्यात चालत जाते. सरांनी ते पान दोनदा वाचलं. जात आहे, बाई आहे, भूक आहे, म्हणाले. पहिलं बक्षीस मिळालं, एक शाईचं पेन.

अंक मार्चमध्ये निघाला. आमच्याच कॉलेजात, माझ्या एक वर्ष मागे, जिचं मेमध्ये लग्न होतं ती अनंतची बहीण शिकत होती. हे मला ठाऊक नव्हतं. त्या गावाबद्दल मला मांजरं ठाऊक होती, माणसं नव्हती. तिने गोष्ट वाचली, सात मांजरांपाशी पोचली, आणि आपला मांगर ओळखला. आधी ती हसली असं मला पुढे कोणीतरी सांगितलं. मग घाबरली. आपल्या सासरच्या कोणी हे वाचलं तर, म्हणून तिने आईला सांगितलं. आईने बापाला. दोन दिवसांत गावातल्या प्रत्येक ओटीवर माझ्या गोष्टीचं मालवणी भाषांतर झालं होतं. एवढे वाचक मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

त्या दिवशी मी घरी होतो. आये आणि बाय रोज दुपार कलताना येत, त्या दिवशी अकरालाच आल्या. बायच्या डोक्यावर पाटी तशीच भरलेली. मी धावत जाऊन हात लावला, पाटी उतरवली. बायची मान ताठ झाली होती, ती तिला खाली करता येईना. आये पायरीवर बसली आणि म्हणाली,

"बारा घरां फिरलांव. एकानय पाटयेक हात लावक नाय."

दारात उभं राहून हाक मारायची, आतून माणसं बघत होती, आणि कोणी पुढे यायचं नाही. शिवी नाही, भांडण नाही. ज्या बायकांनी पंधरा वर्षं तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली होती त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. बाय डोक्यावर ओझं घेऊन बारा दारांपुढे उभी राहिली आणि बारा दारांपुढून निघाली. शेवटी अनंतच्या आईने ओटीवरून सांगितलं, "तुझ्या भावान गावाचा नाव घालयल्यान. आता ह्या वाटेन येव नको."

"माझ्या झिलान काय केल्यान गो?" आयेने मला नाही, बायला विचारलं.

बायने पाटीत हात घालून पाहिला. मासे नरम पडायला लागले होते. तिने मिठाचं मडकं ओढलं, खळ्यात बसली, एकेक बांगडा चिरून त्यात मीठ भरायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ता पुस्तक हाड."

मी अंक आणला.

"वाच."

"इंग्रजीत आसा गो."

"तू लिवलंस ना? मगे काय लिवलंस ता तुका ठावक आसतला. वाच."

मी वाचायला लागलो, म्हणजे वाक्य बघून मालवणीत सांगायला लागलो. इंग्रजीत जे फार खोल वाटलं होतं ते मालवणीत उघडं पडत होतं. मी मधलं मधलं गाळू लागलो.

"पान दोनदा परतलंस, गजाल एकदाच सांगलंस," बाय म्हणाली. "गाळू नको."

मग मी सगळं सांगितलं. फणसाखालचं बोलणं, तिने मला सांगितलेलं, तिच्याच शब्दांत. आये पायरीवर बसून ऐकत होती. ती हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती, आणि लेकीच्या नाही, माझ्या तोंडून. मी शेवटाला आलो. मुलगी रडत किनाऱ्यावर येते.

"मी खंय रडलंय?"

"ता गोष्टीसाठी, बाय."

"मगे गोष्टीतली रडांदे. मांजरां कित्या माझी घेतलंस?"

मी पान उलटलं. ती म्हणाली, "फुडे?"

"मगे ती दर्यात जाता."

"कित्याक?"

"जीव देवक."

बायने पहिल्यांदा मान वर केली. "माका पेवाक येता, मेल्या."

दर्यावरच्या पोरीला पोहता येतं, हे आमच्या समाजाचा आवाज इंग्रजीत उमटवणाऱ्या लेखकाच्या डोक्यात आलं नव्हतं. आये तोंडाला पदर लावून हसली, आणि तसाच पदर लावून रडायला लागली. बायने हातातला बांगडा मिठात दाबला.

"रापणीच्या दोरयेक हात लायलो काय परक्याक सुदा वाटो मेळता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हय दोरी माझी, जाळा माझा, मासो माझो. तुका पेन गावला. माझो वाटो खंय रे?"

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही, आणि माझी आठवण अशा ठिकाणी नेहमीच दयाळू असते. थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं, "तो थंयच होतो. मांगराच्या दारात. माका बघल्यान, आणि एक मांजर उचलून भितर गेलो."

म्हणजे माघार त्याने घेतलीच, असं त्या वयात मला वाटलं. माझी गोष्ट खरी ठरली, असंसुद्धा क्षणभर वाटून गेलं. हे लिहायला मला आजवर लाज वाटत आली. पण ती गोष्ट मी छापली नसती, आणि मे उजाडला असता, तर तो बापाकडे बोलला असता की नाही, हे कोणालाच कळणार नाही. बायला तेवढं तरी कळायला हवं होतं. नकार आला असता तर तो तिचा स्वतःचा असता.

सरांकडे गेलो. ते म्हणाले, लिहिणाऱ्याला हे सोसावंच लागतं. मी त्यांच्या घरी पोहे खात मान हलवली. सोसणारी पंचवीस मैलांवर मासे खारवत होती. जूनच्या आत अनंतचंही लग्न उरकलं. बायने लग्न केलं नाही. तिने पुढे मालवणच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान घातलं आणि नीट चालवलं. माझी दोन्ही मुलं तिच्या मांडीवर वाढली. माझ्याशी ती कधी भांडली नाही, कधी अबोला धरला नाही. जेवायला वाढायची, माझ्या नव्या शर्टाला हसायची, जगभरच्या गजाली सांगायची. स्वतःची एकही नाही. दुकानात ती बायकांत काही सांगत असली आणि मी पायरी चढलो की म्हणायची, "गप रवा गो, छापखानो इलो." सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. तीस वर्षं हसलो.

गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती तेव्हा मी रोज ठरवून जायचो की आज त्या छापलेल्या गोष्टीचं विचारायचं. आणि रोज तिच्या उशाशी बसून भरती-ओहोटीचं आणि बांगड्याच्या भावाचं बोलून परत यायचो. एका दुपारी ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, बोलणार. ती म्हणाली, "चष्मो पुस रे, दिसता काय तुका त्यातसून?" मी चष्मा पुसला. त्यानंतर ती झोपली. त्याच आठवड्यात गेली.

त्या चर्चासत्रातल्या मुलीला हे सगळं सांगायला हवं होतं. तिचा पत्ता माझ्याकडे नाही. म्हणून आठ दिवस बसून लिहिलं, आणि ह्या वेळी मराठीत लिहिलं, शेवट बदलला नाही, कोणाला दर्यात पाठवलं नाही. काल दुपारी कागद बायकोच्या हातात दिले. ती देवगडची, कमी बोलणारी. बायशी तिचं माझ्यापेक्षा बरं होतं. तिने विळी बाजूला सारली, हात पुसले आणि पायरीवर उजेडाला बसून सगळी पानं वाचली, एक न गाळता. मी आत-बाहेर करत होतो. वाचून झाल्यावर तिने कागद सारखे केले, माझ्या हातात परत दिले आणि पुन्हा विळीवर बसली. मी विचारलं, कसं झालंय.

"बरा झालाहा," ती म्हणाली. मग भाजी चिरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा बायक इंग्रजी येय नव्हता. आता बायच नाय. तुमका बरी वेळ गावता."